जुन्या पिकअपला भंगारातली पॉवर
लासलगाव परिसरातील गॅरेजांचे एक काम, आणि त्यातील कागदाचा प्रश्न

कांद्याने भरलेली पिकअप घेऊन लासलगावच्या बाजार आवारात आलेला चालक बहुधा एकटाच असतो. रांग पुढे सरकली की गाडी सरकवायची, बोली आपल्या गाडीपाशी आली की उतरून मालाशेजारी उभे राहायचे, सौदा झाला की भुईकाटा, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली, पुन्हा रिकाम्या गाडीचे वजन आणि शेवटी हिशेबपट्टी. एवढ्यात तो दहा वेळा उतरतो आणि दहा वेळा चढतो. उजव्या दरवाजाची काच त्याच्या हाताशी असते. डावी काच मात्र सीटवर आडवे पडल्याशिवाय हाती लागत नाही. ती उघडी राहिली तर आतला मोबाइल, कागदपत्रे आणि कधी रोकडही उघड्यावर. बंद ठेवली तर उन्हात केबिनची भट्टी. त्यात कांद्याची पत्ती आणि धूळ उडत असते ती निराळीच.

ऐकायला ही अडचण किरकोळ वाटते. पण लासलगाव आणि विंचूरकडच्या ज्या मिस्त्रींकडे आम्ही बसलो, तेथे जुन्या पिकअपवाल्यांच्या तोंडी 'डावी काच बटणावर करून द्या' ही मागणी पुन्हा पुन्हा ऐकली. त्याखालोखाल मागणी दोन्ही दरवाजांना एकदम लागणाऱ्या कुलपाची. हे काम बऱ्याचदा भंगारात निघालेल्या गाड्यांच्या सामानावर चालते. मिस्त्री, वायरिंगवाला, भंगारवाला, गाडीमालक या साखळीत आपले बांधव पुष्कळ आहेत, म्हणून या पानावर त्याची दखल घ्यावी असे वाटले.

नवी गाडी का घेत नाही, असे आम्ही एका प्रौढ वाहतूकदाराला विचारले. ते हसले. "हप्त्यावर कोणीही देईल साहेब. पण व्याजाचं काय? अब्बांनी कधी व्याजाला हात लावला नाही, आता मी या वयात लावू?" हे एक कारण झाले. दुसरे कारण बाजाराचेच आहे. १९४७ सालापासूनची ही बाजार समिती देशभर कांद्यासाठी ओळखली जाते, पण येथील वाहतुकीची कमाई दिल्लीच्या एका आदेशाने थांबू शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले तेव्हा नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. त्याच वर्षी डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. लिलाव बंद म्हणजे गाडीला भाडे नाही, पण बँकेचा हप्ता काही बंद होत नाही. ज्याची जुनी गाडी पूर्ण फिटलेली आहे, तो अशा दिवसांत निदान रात्री झोपू शकतो. म्हणून हातात चार पैसे आले की तो जुन्याच गाडीला सोयीची करून घेतो.

आता कामाकडे वळू. काच वरखाली करणारी यंत्रणा दरवाजाच्या पोटात असते. गॅरेजात तिला कोणी काचमशीन म्हणतो, कोणी शीशा मशीन. हाताने फिरवायच्या मशीनच्या जागी मोटरवाली मशीन बसवायची, वायर ओढायची आणि बटण लावायचे, एवढेच हे काम. मग ते बिघडते कुठे? मिस्त्रींच्या मते बहुतेक वेळा मोटरीत नाहीच. "काच जड चालते ती रबरामुळे. लोक मोटर बदलत बसतात," एक उस्ताद म्हणाले. जुन्या पिकअपमध्ये काच ज्या रबरी खाचेतून सरकते ती खाच कडक झालेली असते आणि तिच्यात कांद्याची पत्ती व माती भरलेली असते. हाताने जोर लावून ती काच वर जात होती, कारण हाताला कळते कुठे अडते. मोटरीला ते कळत नाही. ती अडकते, जास्त वीज ओढते आणि तापते. म्हणून मशीन आणण्याआधी दोन्ही खाचा साफ करून काच बोटाने वरखाली सरकते का ते पाहावे. रबर फाटले असेल तर ते नवेच घ्यावे. रबराला इंजिन ऑइल लावू नये, त्याने ते फुगते. सिलिकॉनचा फवारा चालतो.

भंगारातली मशीन निवडताना पहिली गोष्ट घराण्याची. बोलेरो आणि स्कॉर्पिओ या महिंद्राच्या गाड्या अनुक्रमे २००० आणि २००२ साली आल्या, दोन्ही नाशिकच्या कारखान्यात बनत आल्या, आणि आपल्या भागात त्या पुष्कळ विकल्या गेल्या. त्यामुळे त्यांचे सामानही भंगारात निघत राहते. बोलेरो पिकअप असेल तर आधी बोलेरोचा पुढचा दरवाजा शोधावा. तरी नावावर विसंबू नये. जुनी मशीन काढून सोबत न्यावी आणि बोल्टची भोके, काच धरणारी पट्टी व काचेचा एकूण प्रवास तिन्ही माप लावून पाहावे. प्रवास दोन इंच कमी पडला तर काच कायम दोन इंच उघडी राहील. डाव्या दरवाजाची मशीन उजव्या दरवाजाला चालत नाही, हे सांगायची गरज नाही, पण घाईत ही चूक झालेली आम्ही पाहिली आहे. मोठ्या ट्रकची मोटर स्वस्तात मिळाली म्हणून उचलू नये. त्या गाड्यांत बहुधा २४ व्होल्ट असते, आपल्या पिकअपमध्ये १२. अशी मोटर १२ व्होल्टवर नुसती कण्हते.

दुकानातच बॅटरी लावून मोटर चालवून पाहावी. तारांची अदलाबदल केली की ती उलटी फिरते, म्हणजे दोन्ही बाजूंची परीक्षा होते. पाच वेळा वर, पाच वेळा खाली. आवाजात ठोका आला तर आतले नायलॉनचे दाते गेलेले समजावे. जळका वास आला तर ठेवून द्यावी. तारेवर चालणारी मशीन असेल तर तार विसकटलेली नाही ना हे बोट फिरवून पाहावे. एक धागा तुटलेला असला तरी ती मशीन पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही. आणखी एक गोष्ट, जी नवखे विसरतात. मशीनसोबत तिची वायरही घ्यावी. प्लगला निदान वीतभर वायर हवी, आणि खांबातून दरवाजात वायर जाते तेथली रबरी नळीही जुन्या गाडीतूनच काढून घ्यावी. ही नळी सुटी शोधायला गेले तर दिवस जातो.

वायरिंगच्या बाबतीत आमचे मत कडक आहे. गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यात वायरिंगचा शॉर्ट हे कारण वारंवार येते. दरवाजाची मोटर चालताना साधारण ५ ते १० अँपिअर ओढते. काच अडकली की हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून हेडलाइटच्या किंवा टेपच्या वायरीला जोड देऊन मोटर चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण. बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. रिले चावीच्या वायरीवर. चावी काढली की काच हलता कामा नये, कारण या जुन्या मोटरींना मध्ये हात आला की थांबण्याची अक्कल नसते आणि पिकअपच्या केबिनमध्ये घरची मुले बसतात. पत्र्याला भोक पाडून वायर नेली तर तेथे रबरी ग्रोमेट बसवलेच पाहिजे. दरवाजा दिवसातून पन्नास वेळा उघडतो. उघड्या पत्र्याची धार वायरीचे कातडे महिन्याभरात सोलते.

दरवाजाच्या पोटात पावसाचे पाणी जातेच, ते खालच्या भोकांतून निघून जायला हवे. कांद्याच्या गाड्यांत ही भोके पत्तीने बुजलेली सापडतात. मग पाणी साचते, खालचा पत्रा सडतो आणि मोटरीचा प्लग हिरवा पडतो. काम करताना भोके मोकळी करावीत, प्लगचे तोंड खाली ठेवावे आणि पॅडच्या आत असलेला प्लास्टिकचा कागद फाडून फेकू नये, पुन्हा चिकटवावा. वीस मिनिटांचे काम आहे. जो मिस्त्री तो कागद फेकतो त्याच्याकडे दुसरे काम देऊ नये, असे आम्ही तरी म्हणू.

सेंट्रल लॉकची गोष्ट वेगळी. त्यात भंगाराचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. कुलपाची छोटी मोटर दिवसभर टकटक करून आतून झिजलेली असते आणि बाहेरून ते कळत नाही. बाजारात मिळणारा साधा नवा संच बराच स्वस्त असतो आणि त्याची पावतीही मिळते. चालकाच्या दरवाजाला पाच तारांची मोटर, दुसऱ्या दरवाजाला दोन तारांची, एवढे लक्षात ठेवले की वायरिंगवाला ते करतो. फक्त दोन्ही दरवाजांची चावीची कुलपे चालू ठेवावीत. बॅटरी उतरली आणि चावी आत राहिली तर खळ्यावर काच फोडायची वेळ येते. रिमोटचा पीं-पीं आवाज काहींना फार आवडतो. आवारात शंभर गाड्या असताना तो न लावलेला बरा.

पॉवर स्टिअरिंगबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. भरल्या गाडीचे जड स्टिअरिंग वळवून खांदे दुखतात, हे खरे. पण काच बिघडली तर भिजायला होते आणि स्टिअरिंग बिघडले तर माणसे जातात. पंप, पाइप, स्टिअरिंग बॉक्स हे तिन्ही त्याच मॉडेलचे, एकाच गाडीतून निघालेले, सील नवे घातलेले असावेत. शिवाय हे बसवण्याआधी आरटीओत विचारावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ते स्पष्ट केले आहे. काच व कुलपाने नोंदणी पुस्तकातला तपशील बदलत नाही, स्टिअरिंगची गोष्ट तशी सरळ नाही. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, तेथे हा प्रश्न निघू शकतो. ब्रेकचे भाग, सीट बेल्ट आणि एअरबॅग भंगारातून कधीच घेऊ नयेत. अपघातात एकदा ताण बसलेला पट्टा दुसऱ्यांदा धरेल याची हमी कोणी देत नाही.

आता कागदाचा प्रश्न, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला.

भंगाराचा माल कोठून येतो? आपल्या जिल्ह्यातील मोठा बाजार म्हणजे नाशिकचा अंबड लिंक रोड. तो अनधिकृत आहे असे म्हणत जानेवारी २०१७ मध्ये महानगरपालिकेने मोठ्या पोलीस बंदोबस्तात तेथील दुकाने हटवली. त्या दुकानांतून कित्येक कुटुंबांची चूल पेटत होती. मेरठच्या सोतीगंजचे उदाहरण त्याहून कडू आहे. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची उत्तर भारतातली ती मोठी बाजारपेठ होती. चोरीच्या गाड्या तेथे तोडल्या जातात अशी तिची ख्याती झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी अख्खा बाजार बंद पाडला. दुकानदारांकडे मालाचे कागद मागितले गेले. ज्याने आयुष्यात चोरीचा बोल्टही घेतला नाही, त्याच्याकडेही दाखवायला कागद नसेल तर तो चोराच्या शेजारी उभा दिसतो. हा अन्याय आहे असे म्हणता येईल, आम्हीही म्हणतो. पण अन्यायाची तक्रार करताना हातात पावती असलेली बरी.

कायदा काय म्हणतो ते गाडीमालकानेही ऐकावे. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, बेइमानीने तो घेणाऱ्याला पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. मशीन नव्याच्या पाव किमतीत, रात्री, पिशवीत गुंडाळून, बिनपावती मिळाली तर 'मला काय माहीत' हे उत्तर ठाण्यात चालेलच असे नाही. आणि ते ठाण्यात चालले तरी अल्लाहच्या दरबारात चालेल का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कागद जमवणे वाटते तितके अवघड नाही. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी पुस्तक परत करायचे असते, हे कलम ५५ मध्ये आहे. तेव्हा गाडी तोडणाऱ्याकडे रद्द झालेल्या नोंदणीची प्रत असायला हवी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रे सुरू झाली. तेथे गाडी जमा करताना ती चोरीच्या यादीत आहे का हे तपासले जाते आणि मालकाला जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. गाडी तोडण्याचा धंदा हळूहळू या केंद्रांकडे सरकेल असे दिसते. आपल्या लहान भंगारवाल्यांनी याकडे नुसती धास्ती घेऊन पाहू नये. चार-पाच जणांनी मिळून अशा केंद्राकडून पावतीवर सुटा माल मिळतो का याची चौकशी करून ठेवावी. एकट्याची ऐपत नसते, भागीदारीची असते, आणि भागीदारीचा धंदा आपल्याला नवा नाही.

विंचूर रस्त्यावरच्या एका मिस्त्रींची पद्धत आम्हाला आवडली. त्यांच्याकडे शाळेची दोनशे पानी वही आहे. भंगारातून आणलेला प्रत्येक भाग तिच्यात चढतो: कोणाकडून घेतला, कोणत्या गाडीतून निघाला, त्या गाडीच्या चेसिसचे शेवटचे पाच आकडे, पावतीचा क्रमांक, आणि कोणत्या गाडीला बसवला. विकणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागे टाचलेली. "सुरुवातीला लोक हसायचे," ते म्हणाले. "एकदा चौकशी आली. साहेबांनी वही चाळली, चहा पिऊन गेले. त्या दिवसापासून कोणी हसत नाही." आम्ही विचारले, विकणारा चेसिस नंबर द्यायला तयार नसेल तर? "मग तो माल माझा नाही, भाऊ." या नियमामुळे त्यांचे काही गिऱ्हाईक तुटले, हे त्यांनी लपवले नाही. बिनकागदी मशीन घेणारा शेजारी स्वस्तात काम करतो. नुकसान होतेच.

मजुरीबद्दलही दोन शब्द. भंगारातल्या मालावर मिस्त्री नफा कसा लावतो हे गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि भांडणे तेथूनच होतात. मालाची पावती गिऱ्हाइकाला दाखवून मजुरी वेगळी सांगावी. मशीन जुनी आहे, किती दिवस चालेल याची हमी नाही, हेही आधीच सांगावे. बाजारात धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, आत ओल लागली आणि त्यांनी विक्रेत्याला जाब विचारला, हा प्रसंग आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. लासलगावात त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वर चांगला कांदा आणि खाली सडका भरलेली गाडी येथे रोज कोणी ना कोणी पकडतो. गाडी पुढे विकताना काच व कुलूप भंगारातून बसवले आहे हे घेणाऱ्याला सांगायचे, हा त्यातलाच भाग.

हिशेब मांडून पाहायचा तर एक ढोबळ नियम मिस्त्रींनी दिला. जुना भाग नव्याच्या निम्म्या किमतीवर गेला की नवाच घ्या. भाव आम्ही येथे छापत नाही, ते आठवड्याला बदलतात आणि छापील भाव दाखवून वाचक दुकानात वाद घालतात असा आमचा अनुभव आहे. आणि दोन्ही काचा करायची गरज नाही. उजवी काच हाताने फिरू द्यावी. पैसे वाचतात आणि पुरात किंवा शॉर्टमध्ये अडकले तर एक काच तरी हाताने उघडते.

आम्ही निघालो तेव्हा त्या वहीवाल्या मिस्त्रींनी एका पिकअपचे काम संपवले होते. डावी काच बटणावर सरसर वर गेली, चालकाने पुन्हा खाली घेतली, पुन्हा वर. मिस्त्रींनी काढलेली जुनी हाताची मशीन, हँडल आणि चार स्क्रू कांद्याच्या रिकाम्या जाळीत बांधून सीटखाली सरकवले. "हे फेकू नका दादा," ते म्हणाले. "मोटर गेली तर रस्त्यात कोणीही अर्ध्या तासात हे परत बसवून देईल." मग त्यांनी हात पुसले आणि वही उघडली.